नऊशेनं भागून विमानाचा वेळ निघत नाही

दोन विमानतळांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ याबद्दलचा एक मजकूर सध्या जिकडेतिकडे फिरतो आहे. मला तो आतापर्यंत चौघांनी पाठवला, त्यांतले दोघे माझे जुने विद्यार्थी. शीर्षक बदलतं, चित्र बदलतं, आतला दावा तोच राहतो. तो थोडक्यात असा: नकाशावर पट्टी ठेवा, दोन विमानतळांमधलं अंतर मोजा, त्याला ताशी ९०० किलोमीटरनं भागा, म्हणजे खरा वेळ मिळेल. विमान कंपन्या मात्र मुद्दाम वाकड्या वाटेनं जातात, जायचा वेळ एक आणि यायचा वेळ दुसराच सांगतात, वर तिकिटावर तास फुगवतात. अंतराचे आकडेही दोन ठिकाणी दोन दिसतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं, ते उलट उशिरा पोचतं. मग यात काहीतरी लपवलं जात असणार, असा शेवट.

मी भूगोल शिकवते. हा मजकूर वाचून मला सर्वांत जास्त कशाचं वाईट वाटलं असेल, तर त्यातले प्रश्न चांगले आहेत याचं. वाट वाकडी का दिसते, जाता-येता वेळ वेगळा का, हे प्रश्न वर्गात एखाद्या मुलीनं विचारले तर मी तो तास त्याच्यावरच घालवीन. इथे मात्र प्रश्न विचारून उत्तर शोधायच्या आतच कुणाला तरी चोर ठरवलं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहिते आहे. बहुतेक उत्तरांना शाळेतला पृथ्वीगोल, एक दोरा आणि भागाकार एवढंच लागतं.

"नकाशावरची सरळ रेघ हीच सर्वांत जवळची वाट"

टोकियोचं नारिता विमानतळ आणि अमेरिकेतलं लॉस एंजेलिस घेऊ. दोन्ही ठिकाणं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, एक ३६ अंश उत्तरेच्या किंचित खाली, दुसरं ३४च्या. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ पॅसिफिकच्या मधून जवळजवळ आडवी जाते. प्रत्यक्ष विमानाचा मार्ग त्याच नकाशावर काढला तर तो वर अलास्काच्या दिशेनं कमानीसारखा फुगलेला दिसतो. दावा करणारा म्हणतो, ही बघा वाकडी वाट.

आता पृथ्वीगोल घ्या. माझ्या वर्गातला ३० सेंटिमीटर व्यासाचा आहे. दोऱ्याचं एक टोक टोकियोवर अंगठ्यानं दाबा, दुसरं टोक लॉस एंजेलिसपर्यंत अक्षवृत्ताच्या छापील रेघेवरून न्या, आणि जिथे पोचला तिथे पेनानं खूण करा. दोरा पावणेबावीस सेंटिमीटरच्या आसपास लागतो. मग तोच दोरा दोन्ही टोकं जागेवर धरून ताणा. तो अक्षवृत्तावर टिकतच नाही. बोटाखालून घसरत उत्तरेकडे सरकतो आणि ताठ झाला की अलास्काच्या टोकापासून पसरलेल्या अलूशियन बेटांच्या थोडा खाली, साधारण ४७-४८ अंशांवरून जातो. पेनाची खूण आता लॉस एंजेलिसच्या पलीकडे सेंटिमीटरभर बाहेर आलेली असते. एवढा दोरा वाचला.

या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. हिशेब केला तर अक्षवृत्तावरून अंतर ९,२४० किलोमीटरच्या घरात येतं, ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेनं सुमारे ८,७७०. म्हणजे नकाशावर जी वाट सरळ दिसते ती तब्बल पावणेपाचशे किलोमीटर लांबची आहे. ताणलेला दोरा ज्या वर्तुळावर बसतो त्याला बृहद्वृत्त म्हणतात. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या सपाट छेदानं गोलावर उमटणारं हे वर्तुळ. विषुववृत्त हे एक बृहद्वृत्त, आणि समोरासमोरची दोन रेखावृत्तं मिळून एक. बाकीची अक्षवृत्तं बृहद्वृत्तं नाहीत, म्हणून त्यांच्यावरून चालणं कधीच सर्वांत जवळचं नसतं.

भिंतीवरचा नकाशा मग खोटा का? खोटा नाही, दुसऱ्या कामासाठी केलेला आहे. गेरार्डस मर्केटरनं १५६९ साली जो नकाशा काढला तो खलाशांसाठी होता. होकायंत्राची दिशा न बदलता जहाज हाकलं तर त्याचा मार्ग या नकाशावर सरळ रेघ म्हणून उमटतो. शिडाच्या जहाजावर ही केवढी मोठी सोय होती, ते समुद्रावर दिशा चुकलेल्यालाच कळेल. पण त्या सोयीसाठी ध्रुवाकडचा भाग ताणावा लागतो. ६० अंशांवर तो दुप्पट ताणलेला असतो. ग्रीनलँड त्यावर आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे चौदा पट मोठी आहे. अशा नकाशावर पट्टीनं अंतर मोजायचं म्हणजे रबर ताणून त्यावर सेंटिमीटर मोजण्यासारखं आहे.

दक्षिणेकडे हा फरक आणखी वाढतो. सिडनी आणि चिलीतलं सान्तियागो, दोन्ही ३३-३४ दक्षिण अक्षांशांवर. अक्षवृत्तावरून जवळजवळ १२,८०० किलोमीटर, बृहद्वृत्तावरून ११,३४०. जवळची वाट ६२ अंश दक्षिणेपर्यंत खाली उतरते, जिथे खाली बर्फाचे डोंगर तरंगत असतात. दक्षिण गोलार्धात अशी थेट विमानं उडतच नाहीत असंही याच मजकुराच्या काही आवृत्त्यांत लिहिलेलं असतं. सिडनी–सान्तियागो थेट विमान उडतं आणि त्याला साधारण १२-१३ तास लागतात. गोल पृथ्वीवरच्या अंतराशी हे तास बरोबर बसतात. पृथ्वी सपाट मानून, उत्तर ध्रुव मध्यभागी ठेवून जो नकाशा काढतात त्यावर हेच अंतर दुपटीच्या वर जातं, आणि ते कापायला कुठल्याही प्रवासी विमानाच्या टाकीत इंधन मावणार नाही.

एक छोटी गोष्ट जाता जाता. "विमान ११ किलोमीटर उंचावर उडतं, म्हणून अंतर खूप वाढतं" असं एक वाक्य त्या मजकुरात मध्येच येतं. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. तिच्यात ११ मिळवले तर वाढ ०.१७ टक्के. टोकियो–लॉस एंजेलिसला १५ किलोमीटर. एका मिनिटाचा प्रश्न आहे.

"पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला लवकर पोचायला हवं"

हा मुद्दा सर्वांत जास्त लोकांना पटतो, म्हणून इथे जरा थांबते.

यामागची कल्पना अशी की विमान वर गेलं की पृथ्वीशी त्याचा संबंध सुटतो, मग खालची जमीन आपली सरकत राहते. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे जाते, हे खरं आहे. आता ही कल्पना शेवटपर्यंत ताणून पाहू. विषुववृत्तावरून पूर्वेला निघालेलं विमान ताशी ९०० नं उडतं आणि त्याचं मुक्कामाचं गाव ताशी १,६७० नं पुढे पळतं. मग ते विमान कधीच पोचायचं नाही. पूर्वेला जायची सगळी विमानं मागे मागे राहिली असती. उत्तर-दक्षिण धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाची गत तर विचारूच नका. खालची धावपट्टी आडवी, ताशी १,६७० नं निघून चाललेली असती. यातलं काहीच होत नाही, कारण विमान जमिनीवर उभं होतं तेव्हाच ते पृथ्वीबरोबर तेवढ्या वेगानं फिरत होतं. उडाल्यावर तो वेग कुठे गळून पडत नाही. आणि ज्या हवेत ते उडतं ती हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते आहे. हवा जागच्या जागी थांबली असती तर विषुववृत्तावर उभ्या माणसाला अखंड ताशी १,६७० किलोमीटरचा वारा लागला असता. कुठलंही झाड, कुठलंही घर उभं राहिलं नसतं.

मग जाता-येता फरक कुठून येतो? वाऱ्यातून. विमानाचा वेग म्हणून जो ९०० सांगतात तो हवेच्या तुलनेत असतो. ११ किलोमीटर उंचीवर हवा साधारण उणे ५६ अंश असते, तिथे आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर. लांबच्या पल्ल्याची मोठी विमानं त्याच्या ०.८५ पटीनं उडतात, म्हणजे ९०० झाले. लहान पल्ल्याची अरुंद विमानं बहुधा ०.७८ नं, म्हणजे ८३०च्या आसपास. जमिनीवरून मोजलं तर यात वारा मिळवावा किंवा वजा करावा लागतो. नदीत नाव वल्हवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध, हात तेवढेच चालतात, काठ मात्र वेगळ्या वेगानं मागे जातो.

आणि वरचा वारा साधासुधा नसतो. मध्य अक्षांशांवर, ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान हवेचे पट्टे आहेत, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे सहज जातो, कधी कधी ३००च्याही. उष्ण कटिबंधातली गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातल्या तफावतीतून ते तयार होतात. वर चढलेली हवा ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. पृथ्वीच्या फिरण्याचा विमानाच्या वेळेशी संबंध आहे, तो असा. दावा सांगतो त्याच्या अगदी उलट दिशेनं, आणि हवेच्या हातून.

या वाऱ्यांचा शोध मला नेहमी चटका लावून जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून हे प्रचंड वारे मोजले. आपलं काम जगानं वाचावं म्हणून त्यांनी ते एस्पेरांतो या, सगळ्या जगासाठी म्हणून मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापलं, आणि बाहेर फारसं कुणी वाचलंच नाही. १९४४ च्या अखेरीला अमेरिकी बी-२९ बाँबफेकी विमानं जपानवर ९-१० किलोमीटर उंचीवरून उडू लागली तेव्हा वैमानिकांचे सगळे हिशेब चुकू लागले, आणि मग बाकीच्यांना हा वारा ठाऊक झाला.

तो काय करू शकतो याचा एक दाखला. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा नावाचं वादळ अटलांटिकवर असताना ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यू यॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. विमानानं आवाजाचा वेग ओलांडला का? मुळीच नाही. हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगानं उडत होतं, हवाच त्याला उचलून नेत होती. आवाजाच्या दुप्पट वेगानं उडणाऱ्या काँकॉर्डचा याच मार्गावरचा १९९६ मधला विक्रम २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांचा आहे. ते इंजिनाचं काम होतं, हे वाऱ्याचं.

"जाताना जेवढं गमावलं तेवढं येताना मिळतं, मग बेरीज तर सारखी हवी"

हा मुद्दा अर्धवट समजलेल्या माणसाचा आहे, आणि म्हणूनच मला तो आवडतो. वारा मान्य केला, आता हिशेब करू. अंतर ५,५५० किलोमीटर धरा, विमानाचा वेग ९००. वारा नसेल तर एका बाजूला ६ तास १० मिनिटं, दोन्ही मिळून १२ तास २० मिनिटं. आता ताशी १०० चा वारा घ्या. त्याच्याविरुद्ध जमिनीवरचा वेग ८००, वेळ ६ तास ५६ मिनिटं. त्याच्याबरोबर १,०००, वेळ ५ तास ३३ मिनिटं. बेरीज १२ तास २९ मिनिटं. नऊ मिनिटं कुठे गेली? विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, पाठच्या वाऱ्यात कमी वेळ. तोटा जास्त वेळ होत राहतो, फायदा थोडाच वेळ. वारा वाढवत न्या, ही तूट झपाट्यानं वाढते.

म्हणूनच उड्डाणाची आखणी करणारी माणसं दोन्ही बाजूंना एकच वाट घेत नाहीत. टोकियोहून लॉस एंजेलिसला जाताना विमान जेट प्रवाहात शिरतं, मग ती वाट बृहद्वृत्तापेक्षा थोडी लांबची असली तरी चालते. परत येताना त्या प्रवाहाला बगल देऊन बरंचसं उत्तरेकडून जातं. जाताना साधारण १० तास, येताना साडेअकरा-बारा. अटलांटिकवर तर हे रोजचं ठरलेलं काम आहे. युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यामधले समुद्रावरचे मार्ग दररोज नव्यानं आखले जातात. पश्चिमेकडे जाणाऱ्या दिवसाच्या विमानांसाठी शॅनविक हे ब्रिटन-आयर्लंडचं नियंत्रण केंद्र, पूर्वेकडे येणाऱ्या रात्रीच्या विमानांसाठी कॅनडातलं गँडर. त्या दिवशीचा वारा पाहून समांतर वाटांचा एक जुडगाच ते जाहीर करतात. आज विमान जिथून गेलं तिथून उद्या जाईलच असं नाही. मागच्या आठवड्याचा मार्ग आणि या आठवड्याचा मार्ग शेजारी लावून "बघा, बदलला" म्हणणाऱ्यांनी त्या दोन दिवसांचे वारेही शेजारी लावावेत.

सिंगापूर–न्यू यॉर्क हे सध्याचं सर्वांत लांबचं थेट उड्डाण. जवळची वाट सुमारे १५,३५० किलोमीटर आणि ती उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जाते. तरी न्यू यॉर्कला निघालेलं विमान कित्येकदा पॅसिफिकवरून, लांबच्या वाटेनं जातं. पाठीशी वारा असला की जास्त किलोमीटर कमी वेळात पडतात. अंतर मोजायचं ते जमिनीवरून, इंधन जळतं ते हवेतून, ही एक गोष्ट डोक्यात बसली की त्या मजकुरातले निम्मे सवाल तिथेच मिटतात.

"तिकिटावरचे तास बघा, काहीच्या काही आहेत"

इथे दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे.

पहिली घड्याळाची. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावाची आणि पोचायची वेळ पोचायच्या गावाची असते. टोकियोहून संध्याकाळी ५ वाजता निघालेलं विमान दहा तासांनी लॉस एंजेलिसला उतरतं, तेव्हा हिवाळ्यात तिथे त्याच दिवशीचे सकाळचे १० वाजलेले असतात. माणूस निघाला त्याच्या सात तास आधी पोचला! उलट लॉस एंजेलिसहून दुपारी १२ ला निघून बारा तास उडालेलं विमान टोकियोत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ ला उतरतं, घड्याळात २९ तास. मधली आंतरराष्ट्रीय वाररेषा आणि १७ तासांचा फरक सोडून दिला तर यातून काहीही सिद्ध करता येईल.

मी मुलांना यासाठी एक सोपी रीत शिकवते, ती इथे देते. जाण्याचा घड्याळी फरक आणि येण्याचा घड्याळी फरक, दोन्ही घ्या आणि त्यांची सरासरी काढा. इथे उणे ७ आणि २९, बेरीज २२, निम्मे ११. दहा आणि बारा तासांची सरासरी तेवढीच. वेळेतला फरक एकदा मिळवला जातो, एकदा वजा होतो, म्हणून तो आपोआप कटतो. कुठल्या शहराची वेळ किती पुढे-मागे आहे हे माहीत नसलं तरी चालतं. कुठलंही जाण्या-येण्याचं तिकीट घेऊन करून पाहा.

दुसरी गोष्ट, वेळ कुठून कुठपर्यंत मोजायचा. वेळापत्रकातला वेळ हवेतला नसतो. विमान उभं असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात, ते काढून विमान हललं तिथपासून मुक्कामी पुन्हा ठोकळे लागले तिथपर्यंतचा हा वेळ, म्हणून त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. लंडन–न्यू यॉर्क घ्या, ५,५४० किलोमीटर. नऊशेनं भागून ६ तास १० मिनिटं येतात आणि वेळापत्रकात सुमारे ८ तास असतात. पावणेदोन-दोन तासांची चोरी झाली, असं तो मजकूर म्हणतो. मोजून पाहू. समोरून ताशी १०० चा सरासरी वारा असेल तर पाऊण तास तिथेच गेला. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर गेटपर्यंत येणं, गर्दीच्या विमानतळांवर मिळून अर्धा तास सहज जातो. चढताना आणि उतरताना विमान ९०० नं उडत नाही. १०,००० फुटांच्या खाली बऱ्याच ठिकाणी २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. त्यात दहाएक मिनिटं. वाट बृहद्वृत्तावर तंतोतंत नसते, विमानतळाभोवती वळून रांगेत यावं लागतं, त्याची आणखी काही. इतकं झाल्यावर जी दहा-पंधरा मिनिटं उरतात ती राखीव.

या राखीव मिनिटांबद्दल दावा करणाऱ्याचं एक म्हणणं मला मान्य आहे, ते मी मोकळेपणानं लिहिते. वेळापत्रकात थोडी सूट धरलेली असते आणि त्यात कंपन्यांचा फायदा असतो. अमेरिकेत विमान ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोचलं तर ते वेळेवर आलं असं धरतात. वेळापत्रकात जागा ठेवली की वक्तशीरपणाचा आकडा चांगला दिसतो. प्रवाशाला हवेतला वेळ आणि ब्लॉक टाइम दोन्ही सांगावेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि सांगितलं तर असे मजकूर जन्मालाच येणार नाहीत. पण ही सूट अंतरात नाही, मार्गात नाही, आणि दोन तासांची तर नाहीच.

भागाकाराची हद्द कुठे संपते हे पाहायचं असेल तर स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण पाहा. अंतर पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, वेळापत्रकात दोनेक मिनिटं. नऊशेनं भागलं तर ११ सेकंद येतात! तिथे उडणारं छोटं पंख्याचं विमान वर जाऊन लगेच खाली येतं, त्याला ९०० चा वेग ठाऊकच नाही.

"दोन ठिकाणी दोन अंतरं, म्हणजे कुणीतरी खोटं सांगतंय"

हा मुद्दा चटकन संपतो. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६,३५७. कुणी एकच त्रिज्या धरून सोपं सूत्र वापरतं, कुणी चपटेपणा धरून बारकाईनं काढतं, अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. कुणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कुणी विमानतळापासून. आणि विमानांच्या जगात सागरी मैल चालतो, तो १.८५२ किलोमीटरचा. जमिनीवरचा मैल १.६०९ चा. नुसतं "मैल" लिहिलेलं पाहून चुकीच्यानं गुणलं की हजार मैलांमागे २४३ किलोमीटरची तफावत उभी राहते. कुठलं एकक आहे ते आधी वाचावं, मग आरोप करावा.

"मग ती मोठी वळणं कशासाठी?"

वारा धरला, गोल धरला, तरीही काही विमानं जवळच्या वाटेपासून फारच दूर जाताना दिसतात, आणि इथे तो मजकूर "लपवाछपवी"वर येऊन थांबतो. कारणं मात्र छापील नियमांत आणि बातम्यांत आहेत.

दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या इंजिनावर ठराविक मिनिटांत उतरता येईल असा विमानतळ वाटेवर असावा लागतो. पूर्वी ही हद्द साधारण ६० मिनिटांची होती, म्हणून समुद्र ओलांडताना बेटांच्या आणि किनाऱ्याच्या कडेकडेनं जावं लागे. १९८५ मध्ये ती १२० मिनिटांपर्यंत वाढली, पुढे १८०, आणि आता एअरबस ए३५० सारख्या विमानाला ३७० मिनिटांपर्यंत मान्यता आहे. इंजिनं भरवशाची होत गेली तशा वाटा सरळ होत गेल्या. ज्याला हे माहीत नाही त्याला जुन्या आणि नव्या मार्गांतला फरक गूढ वाटणारच.

तिबेटच्या पठारावरून विमानं शक्यतो जात नाहीत, त्याचं कारण आणखी साधं आहे. आतल्या हवेचा दाब गेला तर विमानाला झटकन १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे तीन किलोमीटरपर्यंत खाली यावं लागतं, म्हणजे प्रवाशांना श्वास घेता येतो. तिथे जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंचीवर आहे. खाली यायला जागाच नाही.

आणि काही वळणं माणसांनी घातलेली आहेत. शीतयुद्धाच्या काळात बहुतेक पाश्चात्त्य विमानांना सोव्हिएत संघावरून जायला परवानगी नव्हती. १९५७ मध्ये एसएएस या कंपनीनं कोपनहेगन ते टोकियो विमान सुरू केलं ते उत्तर ध्रुवाकडून, वाटेत अलास्कातल्या अँकरेजला थांबून. पुढे रशियावरची वाट खुली झाली आणि प्रवास कितीतरी आटोपशीर झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर युरोपातल्या अनेक देशांनी रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, रशियानं त्यांच्या विमानांना आपलं. हेलसिंकी ते टोकियो अंतर बृहद्वृत्तावरून सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. आधी ही वाट सायबेरियावरून नऊ-साडेनऊ तासांची होती. बंदीनंतर फिनलंडची विमानं पुन्हा ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून जाऊ लागली आणि त्याच प्रवासाला सुमारे १३ तास लागू लागले. पृथ्वीगोलावर हेलसिंकी आणि टोकियोमध्ये दोरा ताणला तर तो आजही तेवढाच लागतो. फक्त ज्या देशावरून तो जातो त्या देशावर बोट ठेवून बघा, वळसा कुठून आला ते दिसेल.